यादीतली मामाची ओळ

आधी माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. ही वही मी कोणाला दाखवत नाही. पण कधी कोणाच्या हाती लागलीच, तर चुका पोटात घाला. ज्या माणसाबद्दल लिहिते आहे तो स्टीलवर मशीनने लिहायचा, तरी त्याची ओळ कधी खाली उतरली नाही. माझी तर रेघा आखलेल्या कागदावरही उतरते.

भांडं हातात आलं की मास्तर आधी त्यावर फुंकर मारत. मग सदऱ्याच्या बाहीनं पुसत, चष्म्याचा दोरा कानामागे सारत आणि भांडं आणणाऱ्याकडे न बघताच विचारत, "कोणाकडून?"

दिग्रसच्या एका भांड्यांच्या दुकानात ते नावं टाकायला बसत. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. नसेल पाहिला तर घरातला एखादा जुना डबा उलटा करून बघा, कोणाचं तरी नाव असेलच. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. लिहितात, म्हणून मास्तर. मी त्याच दुकानात भांडी पुसून कागदात गुंडाळायचं काम करते. त्यांच्या पाटापासून माझं गोणपाट चार हातांवर. तिथं बसून सात वर्षं मी त्यांना पाहिलं, आणि त्यातली बरीचशी वर्षं ते चोर आहेत असं मला वाटत होतं.

तोंड मात्र त्यांचं फार तिखट. एक जण लहानशी वाटी घेऊन आला आणि आजोबापासून नातवापर्यंत सगळ्यांची नावं टाका म्हणाला. मास्तर म्हणाले, "वाटी चमच्याएवढी अन् नाव खानदानाएवढं! परात घ्या भाऊ, तुमच्या नातवालेही बसाले जागा होईन."

लग्नाच्या यादीची कल्पना त्यांचीच. एका नवरीसाठी त्यांनी एकाच दिवशी चौदा तांबे कोरले होते. चौदावा तांबा खाली ठेवून ते शेठना म्हणाले, "शेठ, ही पोरगी संसार करून राह्यली का पाणपोई उघडून राह्यली?" तेव्हापासून लग्नघरची बाई आली की ते तिला समोर बसवत, पोरीच्या घरात काय काय लागेल ते विचारत आणि मोठ्या कागदावर लिहीत. कागद गल्ल्यामागे टांगला जाई. पाहुण्यांनी यावं, उरलंय ते बघावं, पैसे द्यावेत. मास्तर नाव कोरत आणि यादीतल्या त्या ओळीवर रेघ मारत. पुढे शेठचा मुलगा यादीचा फोटो पाहुण्यांना मोबाईलवर पाठवू लागला.

सुरुवातीला बायकांना लाज वाटे. "मास्तर, हे तं तोंडानं मागनं झालं. लोक काय म्हणतीन?"

"लोक म्हणतीन, बरं झालं, पंधरावा तांबा न्यायचा वाचला."

आता माझ्या संशयाचं सांगते. मास्तरांकडे एक लहान वही होती. दुकानाची नव्हे, स्वतःची. ती ते बंडीच्या आतल्या खिशात ठेवत. तिच्यात लिहिताना, परीक्षेला बसलेलं पोर जसं पाटीवर हात आडवा धरतं, तसा धरत. गिऱ्हाईक गेल्यावरच लिहीत. सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन एसटीत बसून कुठल्या कुठल्या गावांना जात. एकदा बसस्टँडवर मी पाहिलं, एका माणसानं त्यांना घडी केलेल्या नोटा दिल्या. मास्तरांनी त्या मोजल्या, वही काढली, काहीतरी खोडलं.

मला वाटलं, हे शेठचे पैसे. शेठचा गल्ला तर रोज जुळायचा. पण गल्ला जुळतो म्हणजे चोर हुशार आहे, असं मी समजले. शेठना सांगायची हिंमत नव्हती. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. मी फक्त बघत राहिले. ते वही काढत, की मी हातातलं भांडं तिसऱ्यांदा पुसायला घेई.

मग माझ्या पोरीचं, शीतलचं लग्न ठरलं.

सोयरीक घाईत जमली. आमच्या ह्यांनी शब्द देऊन टाकला आणि माझ्या भावाला विचारायचं राहून गेलं. भाऊ धाकटा, फुलसावंगीला असतो. मी फोन केला, तर म्हणाला, "पोरगी देऊन झाल्यावर मामा आठवला काय? मी येत नाई अन् काई देतही नाई." आईबाप गेल्यावर माझं माहेर म्हणजे तो एकटाच. त्याचं दार बंद झालं तर मला जायला दुसरं घर नाही.

यादी करायला मी मास्तरांसमोर बसले. आमच्यात भाचीला पाण्याचा पितळी गुंड मामाच देतो. तो दुसऱ्या कोणी द्यायचा नसतो. मास्तरांनी विचारलं, "गुंड मामाकडून?"

मी म्हटलं, "ते नका लिहू."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं. एकेका ओळीवर रेघ येत गेली. मामाची ओळ तेवढी तशीच राहिली. मी जातायेता तिकडे बघणं टाळत होते.

लग्नाच्या सकाळी दुकानाचा टेम्पो मंडपाशी आला. भांड्यांत एक गुंड होता, उन्हात नुसता चमचमत. वर कोरलेलं, "चि. सौ. कां. शीतल हिस मामाकडून सप्रेम भेट", आणि खाली माझ्या भावाचं पूर्ण नाव. मी तिथंच बसून रडले. वाटलं, विरघळला माझा भाऊ.

दुपारी तो खरंच आला. मागे, मंडपाच्या खांबाशी बसला. माईकवर आहेर वाचायला सुरुवात झाली. त्याचं नाव वाचलं, गुंड उचलून सगळ्यांना दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हसून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा कोणी मुस्कटात मारावी तसा झाला होता. तो उठला आणि न जेवता निघून गेला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, माह्या नावानं तूच भांडं मांडलं न? मामाले गुंड झेपत नाई, हे गावाले दाखवाचं होतं तुले?"

"आईची शपथ, मी नाई ठेवला."

"मंग कोनं ठेवला?"

मला माहीत नव्हतं. पण चार हातांवर कोण बसतं, ते माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी मी दुकानात गेले आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलले. शेठ होते, दोन गिऱ्हाइकं होती. "मास्तर, त्या गुंडाचे पैसे कोनं देल्ले?"

मास्तरांचा हात बंडीच्या खिशावर गेला. शेठनं तो पाहिला. त्यांनी हात पुढे केला आणि वही मागितली. मास्तरांनी ती दिली.

शेठनं वाचून दाखवलं. कोणाची तरी आत्या, कोणाचा काका, तांड्यावरचा एक आजा, एका नवरीचा रुसलेला भाऊ. यादी ज्यांच्यासाठी अडली होती त्यांची नावं. पुढे भांडं, रक्कम आणि त्यांचं गाव. पुष्कळ नावं खोडलेली होती, काही तशीच. शेवटची ओळ माझ्या भावाची, अठ्ठावीसशे रुपये. नावं कोरून मास्तरांना जे मिळे, त्यातून ते गल्ल्यात पैसे भरत आणि मग गावोगाव जाऊन वसूल करत.

शेठ म्हणाले, "मास्तर, तुमी तं माह्या दुकानात तुमचं उधारीचं दुकान लावलं!"

गिऱ्हाइकं हसली. मला हसू आलं नाही. "तुमाले कोनं सांगतलं होतं? माहा भाऊ तुटला माह्यापासून."

मास्तर खालीच बघत होते. "यादीत खड्डा राह्यला की मले झोप येत नाई, बाई. बाकीचं भांडं नाई आलं तं नाई आलं. मामाची ओळ कोरी ठेवून पोरगी कशी धाडता?" मग फुंकर मारून त्यांनी पुढचा डबा उचलला. चूक झाली, असं काही ते म्हणाले नाहीत. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

पुढच्या सुट्टीत ते फुलसावंगीला गेले. ते परत आल्यावर मला कळलं. "तुमच्या भावानं हाकलून देल्लं," एवढंच सांगितलं. महिन्यानं पुन्हा गेले. "भावजयीनं च्या पाजला. भाऊ बोलला नाई. दारातलं लिंबाचं झाड तोडलं त्यानं, म्हैस बांधाले." मी काही विचारलं नव्हतं, पण पुसायचं भांडं हातातच राहिलं होतं. तिसऱ्या खेपेला दोनशे रुपये आणले. भाऊ म्हणाला होता म्हणे, "लोकाच्या पैशाचं नाव मले नको. पुरे फेडीन, मंगच ताईच्या दारात पाय ठेवीन."

असे ते दर महिन्याला जात राहिले. कधी दोनशे, कधी तीनशे. येताना बातमी असायचीच. म्हैस व्याली. भाचा दहावीला बसला. भावजयीचा गुडघा दुखतो. कापूस विकल्यावर भाऊ सगळे एकदम देऊ शकला असता, हे मला कळत होतं. मास्तरच थोडे थोडे मागत असतील, असा माझा नवा संशय होता. विचारलं मात्र नाही. विचारलं आणि ते जायचे थांबले तर?

पुढे त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. एकाच डब्यावर दोनदा नाव कोरलं, तेव्हा स्वतःच मशीनची वायर गुंडाळली. बोरी अरबला पुतण्याकडे जायला निघाले. जाताना ती वही माझ्यासमोर धरली. "तुमी सात वर्षांपासून हिच्याकडं पाहून राह्यल्या. घ्या. एकच ओळ राह्यली."

पाट अजून तिथंच आहे. शेठचा मुलगा आता नावं छापून चिकटवतो. पुसताना ती नखानं निघतात.

दोन महिने गेले असतील. एक दिवस दुकानासमोर भाऊ उभा. माझ्याकडे न बघता पाटाकडे बघत म्हणाला, "मास्तर काहून नाई आले? तीनशे राह्यले न."

आम्ही दोघं बोरी अरबच्या एसटीत बसलो. सगळ्या वाटेत तो दोनच वाक्यं बोलला, पण खिडकीची जागा त्यानं मला दिली.

मास्तर ओसरीवर बसले होते. आम्ही अगदी जवळ गेलो तरी त्यांना ओळख पटली नाही. भावानं त्यांच्या हातात तीन नोटा ठेवल्या. त्यांनी नोटांवर फुंकर मारली, बाहीनं पुसल्यासारखं केलं आणि मान खालीच ठेवून विचारलं, "कोणाकडून?"

"मामाकडून," भाऊ म्हणाला.

मास्तरांनी नोटा बोटांनी चाचपून मोजल्या. एकदा, दोनदा, मग तिसऱ्यांदा. भाऊ म्हणाला, "माह्यावर भरवसा नाई काय, मास्तर?"

"सात वर्षं तुमच्या बहिनीनं माह्यावर ठेवला काय?" ते म्हणाले. मी आले आहे हे त्यांना कधी कळलं, कोण जाणे. "बाई, वही आनली असंन तं खोडा ते."

मी वही मांडीवर घेतली, भावाच्या ओळीवर रेघ मारली, आणि तिच्यापुढे माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं, अठ्ठावीसशे पुरे मिळाले.