आयत्या भाकरीची बैठक

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी शिवाजी पेठेतल्या जुन्या कार्यालयात पक्षाच्या पुनरुज्जीवनाची बैठक झाली. दार चाचांनी उघडलं. किल्ली त्यांच्याकडेच असायची.

चाचा शिंपी. पक्ष जोरात होता तेव्हा ते त्याचे झेंडे शिवत आणि त्यांचं मशीन कार्यालयाच्या पुढच्या कोपऱ्यात असे. पुढे संस्थापक वारले, नगरसेवक एकेक करून मोठ्या पक्षांत गेले, बैठका थांबल्या. मशीन राहिलं. चाचा परकर आणि उशांचे अभ्रे शिवू लागले. खोली पक्षाच्या नावानं भाड्यानं होती. पक्षानं सोडल्याशिवाय मालकाला ती परत मिळणार नव्हती, आणि सोडतो म्हणून सही करायला पक्षात कोणी पदाधिकारी उरला नव्हता.

माझे वडील या पक्षाचे कार्यकर्ते. बैठकीत रस्सा पक्षाचा, भाकरी मात्र ज्याची त्यानं घरून आणायची, असा रिवाज होता. आधी ठराव, मग जेवण. आई धडप्यात भाकरी बांधून द्यायची आणि दर वेळी कुरकुरायची. वडील म्हणायचे, "आयती खाल्ली की ठरावाला न्हाय म्हणता येत न्हाय." मी पुढे बातमीदार झालो तोवर या पक्षाबद्दल लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं.

नवे अध्यक्ष म्हणजे संस्थापकांचे पुतणे. मुक्काम पुण्याला. बैठकीच्या आधी ते गाडीतून किल्ली मागायला आले तेव्हा मी उसवलेली पँट घेऊन चाचांकडे बसलो होतो.

"चाचा, पक्ष पुन्हा उभा करायचाय. किल्ली द्या."

"करा की उभा. दार मी उघडतो." चाचांनी मशीन थांबवलं नाही. "समद्यास्नी भाकरी आणायला सांगा."

अध्यक्ष हसले. "आता कोण भाकरी बांधून आणतंय, चाचा?"

ते गेल्यावर चाचा मला म्हणाले, "गाडी बघितलीस न्हवं? खोलीच्या मालकाच्या पोराची हाय."

मी नंतर त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "गाडी कुणीबी मागतंय, पावणं. आमी देतो." याहून जास्त काही मला कळू शकलं नाही.

रविवारी आलेल्यांत निम्मे चेहरे माझ्या ओळखीचे नव्हते. भाषण सुरू व्हायच्या आत टेम्पो आला. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि टोपल्यांत भाकरी, सगळ्या एका मापाच्या.

"पक्ष जित्ता झाला आन् बायकूला सुट्टी मिळाली," एक म्हातारे कार्यकर्ते म्हणाले.

"गप जेव. रस्सा गार व्हतोय," शेजारचा म्हणाला.

चाचांनी मशीनवरच आपला डबा उघडला. मी घरून जेवून गेलो होतो.

ठराव जेवणानंतर आले. झेंडा तोच ठेवायचा, हा पहिला. सभासद नोंदणी, हा दुसरा. तिसरा असा: कार्यालय प्रशस्त जागेत हलवावं आणि ही खोली मालकाच्या ताब्यात द्यावी.

चाचा उठले. "नवी जागा कुठं हाय?"

"बघतोय आपण," अध्यक्ष म्हणाले.

"जागा न्हाय आन् हितलं दार आदी लावताय व्हय?"

मागून एका अनोळखी तरुणानं विचारलं, "चाचा, तुमी सभासद तरी हाय काय?"

"तुझ्या बानं पयला झेंडा धरला, त्यो मी शिवल्याला."

"माझा बा कागलचा हाय," तरुण म्हणाला. लोक हसले. चाचा खाली बसले.

अध्यक्षांनी हात वर करायला सांगितले. सुट्टीचा विनोद केलेल्या म्हाताऱ्यांनी हात वर केला. बोटांना अजून तांबडा होता. ते चाचांकडे बघत नव्हते.

ठराव मंजूर झाला. विरोधात फक्त चाचांचा हात होता. खोली सोडत असल्याच्या कागदावर अध्यक्षांनी तिथंच सही केली.

नव्या कार्यालयाचा पत्ता मी अध्यक्षांना फोनवर अनेकदा विचारला. मिळालेला नाही. त्या बैठकीनंतर पक्षाची दुसरी बैठक झालेली नाही. खोलीला आता वेगळं कुलूप आहे. चाचांचं मशीन समोरच्या बोळात, तालमीच्या भिंतीला लागून, ताडपत्रीखाली आहे.