चाकाखालचा दगड

डिस्क ब्रेक आता पोरांच्या मोटरसायकलीलाही असतो. शोरूममधला एखादा पोरगा मला त्याचे फायदे समजावून सांगायला लागला की अजून डोक्यात तिडीक जाते. अरे बाबा, तू जन्मलाही नसशील तेव्हा मी सणसरच्या चिखलात जीपच्या मागच्या चाकांना डिस्क बसवल्या होत्या! पण बोलत नाही. ती जीप नीट थांबताना माझ्या वडिलांशिवाय कुणी बघितलीच नाही, आणि वडील तर त्या दिवशी मूग गिळून बसले.

आमची वस्ती पाटाच्या पलीकडं. आधीच्या पिढीनं मेंढरं राखली, मग पाटाचं पाणी आलं आणि ऊस आला. घरात शब्द चालायचा तो आबांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा. पावसाळ्यात काळ्या रानातून दुधाचा टेम्पो आत यायचा नाही. बायाबापड्या डोक्यावर कॅन घेऊन रस्त्यापर्यंत चिखल तुडवायच्या, आणि टेम्पो चुकला की दूध नासायचं. मी बारामतीत एका गॅरेजमध्ये काम शिकलो होतो. भंगारातली जीप आणून मी तिला मागं हौदा जोडला. चिखलातून ती रेड्यासारखी चालायची, पण थांबायची नाही. ब्रेकच्या ड्रममध्ये चिखल जाऊन बसायचा आणि पाटाच्या उतारावर ब्रेक धरायचाच नाही.

आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "दसऱ्याला ही गाडी भरल्या कॅनांनिशी पाट उतरून दाव. रस्त्याकडंची पत्र्याची शेड तुझी. घाल तुझं ग्यारेज."

त्या शेडसाठी मी जीव टाकत होतो. दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये शिव्या खाऊन कंटाळलो होतो आणि एमआयडीसीत कंत्राटावर राबायची इच्छा नव्हती. आपली जागा, आपला पाना, दारावर आपली पाटी, एवढंच डोक्यात होतं.

नवं काही घ्यायची ऐपत नव्हती. भंगारवाल्याकडं एका अवजड गाडीचा मागचा एक्सल गंजत पडला होता, तो उचलला. अपघातात चेंदामेंदा झालेल्या एका छोट्या मोटारीच्या पुढच्या चाकांच्या डिस्क आणि त्या दाबून धरणारे चिमटे, म्हणजे कॅलिपर, काढून आणले. कशाचं भोक कशाला जुळेना. जळोचीतला माझा एक दोस्त टर्नर होता, त्यानं कड्या कातून दिल्या. उसाच्या मोडक्या ट्रेलरची पाटी कापून मी कॅलिपरसाठी पट्ट्या केल्या. पहिल्यांदा वेल्डिंग केलं तर उष्णतेनं एक्सलची नळीच वाकली. सगळं कापून पुन्हा केलं, थोडं थोडं, गार होऊ देत.

आबा काठी टेकत यायचे आणि बघून नाक मुरडायचे. "चाकात ताट कशाला रं? ब्रेकला जेवाय वाढायचंय व्हय?" झालं, सगळ्या वस्तीत त्याचं नाव ताटाचा ब्रेक पडलं. हसा म्हटलं, दसऱ्याला बघू.

दसऱ्याच्या आधी मी वडिलांना शेजारी बसवलं, कॅन पाण्यानं भरले आणि मुद्दाम चिखल तुडवून पाटाच्या उतारावर आलो. ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी! वडिलांनी डॅशबोर्ड धरला आणि लहान मुलासारखे हसले. "धरला की रं! आयला, धरला!" बापाच्या तोंडून माझं कौतुक मी तेवढंच ऐकलं.

एकच काम राहिलं होतं. मोटारीच्या पुढच्या चाकाच्या कॅलिपरला हँडब्रेकची सोय नसते. ड्रम गेले आणि त्यांच्याबरोबर हँडब्रेकही गेला. त्याचं वेगळं काहीतरी करणार होतो. तोवर चाकाला दगड लावायचा. आमच्याकडं ट्रॅक्टरपासून बैलगाडीपर्यंत सगळेच लावतात, त्यात कुणाला काही वाटत नाही.

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूची माळ घातली. बॅटरी उतरलेली, म्हणून ढकलून चालू केली आणि पाटाच्या उतारावरच उभी केली. बंद पडली तर तिथूनच सोडून चालू करता आली असती. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, माझा पाय ब्रेकवर आणि मागच्या चाकापुढं मोठा दगड.

आबा म्हणाले, "गाडीत बसून पूजा व्हती का कदी? उतर खाली. चपला काढ."

"आबा, हिला हँडब्रेक न्हाय. दगडावर उभी हाय. दगडाला कुणी हात लावू नका."

"व्हय रं व्हय. कळतंय आमाला."

मी उतरलो. बायकांनी हळदीकुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मी बाजूला हात जोडून, डोळे मिटून उभा राहिलो. देवाजवळ शेडच मागत होतो, खोटं कशाला बोलू. नारळ फोडायचा मान आबांचा. आमच्या काळ्या रानात नारळ फोडायला धड दगड मिळत नाही. खाडकन आवाज आला आणि मी डोळे उघडले. आबांच्या हातात नारळाची दोन भकलं होती, आणि त्यांच्या पायाशी पडलेल्या दगडावरून पाणी ओघळत होतं. तो दगड कुठला हे मला लगेच कळलं.

जीप क्षणभर लिंबांवर अडून नुसती थरथरली. मग निघाली. "सरका! सरका!" मी ओरडलो. दाराला हात घातला, पण तो निसटला. माणसं बाजूला झाली म्हणून वाचली. जीप मोरीच्या कठड्यावर आदळली, फिरली आणि मागची बाजू दगडी कडेवर आपटत पाटात गेली. वरून दिसत होतं, एक्सल वाकला होता आणि एका चाकातली डिस्क फुटली होती.

नारळाची भकलं हातात तशीच धरून आबा म्हणाले, "ताटाच्या ब्रेकनं घात केला. तरी मी सांगत हुतो."

"आबा, दगड तुमी काढला!" मी म्हणालो.

दगड तिथंच पडला होता, ओला. सगळ्यांना दिसत होता. एक म्हातारी म्हणाली, "थोरल्या माणसाला आसं बोलत्यात व्हय?" मी वडिलांकडं बघितलं. त्यांनी खाली बघितलं, आबांच्या हातातली भकलं घेतली आणि खोबऱ्याचे तुकडे करून वाटायला लागले. माझ्यासमोर आले तेव्हा मी तो तुकडा पाटात भिरकावला. देवाचा प्रसाद होता, म्हणून त्याचाही बोभाटा झाला. दगडाचा मात्र कुणी केला नाही.

शेडमध्ये आबांच्या मुलानं खताचं दुकान टाकलं. मी एमआयडीसीत लागलो आणि तिथंच म्हातारा होत आलो. तेव्हा गप्प का बसलात, असं वडिलांना एकदा विचारलं, तर म्हणाले, "थोरला भाऊ हाय माजा." बस्स. ते गेलेही तसेच.

पुढं आबांचे डोळे अधू झाले. त्यांच्या मुलाला सवड नव्हती, म्हणून बारामतीला दवाखान्यात न्यायला मला बोलावलं. दवाखान्यापुढं सपाट जागेवर गाडी लावली, हँडब्रेक ओढला, दार उघडून हात दिला. आबा उतरेनात.

"दगड लाव आदी."

"आबा, हँडब्रेक हाय हिला."

"आसू दे. लाव." त्यांनी माझं मनगट धरलं. "तवाधरनं मी दगड लावल्याबिगर गाडीतनं उतरत न्हाय."

म्हणजे त्यांना माहीत होतं. एवढी वर्षं, प्रत्येक गाडीतून उतरताना माहीत होतं. मला वाटलं, इथंच सोडून निघून जावं. तुमचा हा दगड घेऊन मी आता काय करू, आबा? दगड मी काढला, एवढं तेव्हा चार माणसांत बोलला असता तर शेड माझी होती, आणि माझा बाप माझ्याशी नजर चोरत मेला नसता.

मी फुटपाथची फुटकी वीट उचलली आणि चाकाखाली सारली. मग त्यांना धरून उतरवलं.