थांब म्हटलं की थांबणारी बाई

सदर व्यक्ती स्त्री असून वय शेहेचाळीस पूर्ण. हुद्दा : टॉवर क्रेन चालक, प्रथम श्रेणी. कामाची जागा : जमिनीपासून बासष्ट मीटर वर, काचेची केबिन, एक खुर्ची. उंची (स्वतःची) : पाच फूट एक इंच. दृष्टी उत्तम, श्रवण उत्तम, चक्कर येत नाही. ओळखखूण : दोन्ही अंगठ्यांना घट्टे, पैकी कामाचा कोणता आणि व्हिडिओ गेमचा कोणता, हे वैद्यकीय तपासणीत स्पष्ट झालेले नाही. एकटीने क्रेन चालविण्यास मनाई. इशारेवाल्याच्या सूचनेशिवाय हालचाल करणार नाही. 'थांब' ही सूचना मात्र कोणीही दिली तरी बंधनकारक. इशारेवाल्याशी कामाव्यतिरिक्त संभाषण, मागील एकोणीस वर्षांत : निरंक.

घरी तिला चिमणी म्हणतात. हे नाव आईने ती दीड वर्षाची असताना ठेवलं. नंतर ती सर्व बाजूंनी वाढली, पण नाव बदलायची तसदी कुणी घेतली नाही. पुढे ती रोज सकाळी शिडी चढून ढगांच्या शेजारी बसू लागली, तेव्हा आपल्याला हे आधीपासून माहीत होतं असं आईने जाहीर केलं.

कामाचं असं आहे, की ओझं इमारतीच्या पलीकडे गेलं की क्रेनवाल्याला ते दिसत नाही. बासष्ट मीटरवरून सगळं शहर दिसतं, फक्त जे बघायला हवं तेवढं दिसत नाही. ते खाली उभ्या असलेल्या इशारेवाल्याला दिसतं. तो वॉकीटॉकीवर सांगतो आणि वरचा माणूस तसं करतो. चिमणीचे इशारेवाले म्हणजे काका. एकोणीस वर्षांत त्यांनी तिच्या कानात एकूण नऊ शब्द घातले : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे, सावकाश, टेकवा आणि थांब. काका तिला 'बाई' म्हणत, अहोजाहो करत. 'थांब' मात्र एकेरी. आदर दाखवेपर्यंत तुळई वीतभर खाली येते.

पहिले आठ शब्द फक्त काकांनी म्हणायचे. नववा कुणीही म्हणावा : गवंड्याने, सुताराने, पत्ता विचारायला आत शिरलेल्या टपालवाल्यानेसुद्धा. आधी थांबायचं, मग विचारायचं. सहा वर्षांपूर्वी एक रंगारी असाच ओरडला होता. चिमणी थांबली. तुळई एका सुताराच्या हेल्मेटपासून चार बोटांवर थांबली. सुताराने वर बघितलं, हेल्मेट काढलं, बाजूला जाऊन बसला तो दुपारपर्यंत उठलाच नाही. तेव्हापासून चिमणीने त्या शब्दाशी कधी हुज्जत घातली नाही.

संध्याकाळी घरी आली, की ती 'राखेचा किल्ला' खेळायची. एक योद्धा, एक तलवार, चौदा बुरूज आणि भरपूर राख. योद्धा एकटाच, त्याला कुणी काही सांगत नाही आणि तोही कुणाला काही विचारत नाही. हा गेम तिने अकरा वेळा संपवला होता. आई सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला शब्दकोडं सोडवत बसे. "अजून जळतोय का गं तो किल्ला?" ती विचारायची. "बादलीभर पाणी टाक आणि झोप."

एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, केबिनमध्ये फोनवर बातमी आली : 'राखेचा किल्ला'चा दुसरा भाग येतोय आणि तो जोडीने खेळायचा आहे. पडलेल्या जोडीदाराला हात देऊन उठवता येणार. एकाच्या खांद्यावर दुसऱ्याने चढून तट ओलांडायचा. तीस पावलांच्या आत जो कोणी असेल, आपला की शत्रूचा, त्याचं खरंखुरं बोलणं ऐकू येणार. डाव संपल्यावरही जोडीतला आवाज चालू राहणार. आणि मुख्य आकर्षण म्हणजे धडकगाडा. एकाने गाड्याच्या पोटात बसून तो चालवायचा, त्याला बाहेरचं काही दिसणार नाही. दुसऱ्याने बाहेरून चालत त्याला सांगायचं. सहा जोड्या, सहा गाडे, किल्ल्याचा एक दरवाजा. जो आधी फोडेल तो जिंकला. कंपनीने याला 'आजवर कुणीही न अनुभवलेला थरार' म्हटलं होतं. चिमणीने तो त्या दिवशी सकाळपासून चौदा वेळा अनुभवला होता.

ती इतकी हसली की केबिन हलली. खालून आवाज आला, "बाई, सावकाश."

त्याच आठवड्यात काका निवृत्त झाले. साइटच्या ऑफिसात निरोपसमारंभ झाला. इंजिनिअर साहेब बोलले, माइक बोलला नाही. चिमणी खास उतरून आली होती. एकोणीस वर्षं तिला वरून फक्त पिवळं हेल्मेट दिसलं होतं. खाली पांढऱ्या मिशा आहेत, हे नवीनच कळलं. काहीतरी बोलायला हवं होतं. "काका," ती म्हणाली, "राखेचा किल्ला दोनमध्ये जोडीने खेळता येणार आहे."

काकांनी विचार केला. "बरं," ते म्हणाले, आणि दुसऱ्या गावी मुलीकडे राहायला गेले.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. गेम बाजारात येण्याआधी कंपनीने शुक्रवार ते रविवार चाचणी ठेवली होती.

"बाई, जावयाने मित्राचं गेमचं यंत्र आणून दिलंय. रविवारी सातला परत द्यायचंय. एक डाव जिंकलो तर मी स्वतःचं घेईन."

"आणि नाही जिंकलो तर?"

"तर फुलझाडं लावीन. मुलीचा फार आग्रह आहे."

फुलझाडांशी चिमणीचं काही वाकडं नव्हतं. पण काका एकदा बागेत शिरले, की फोन करायला निमित्त काय? नऊ शब्दांत हालहवाल विचारता येत नाही. नव्या इशारेवाल्याचं 'डावीकडे' बरोबर असायचं, पण त्यात काका नसायचे. तिने शुक्रवारची रजा टाकली.

"नोकरी लागली तेव्हासुद्धा एवढ्या उड्या मारल्या नव्हत्यास," आई म्हणाली. "खालचे येतील तक्रार घेऊन."

पहिल्याच डावात चमत्कार झाला. बाकीच्या पाच जोड्या पहिल्या वळणावरच भांडू लागल्या. तीस पावलांतलं सगळं ऐकू येत होतं : "अरे तुझं डावीकडे की माझं?", "आधी नीट सांग ना!", शिवाय कुणाचं तरी बिस्किट खाणं आणि कुणाच्या तरी दाराची बेल. या गदारोळातून चिमणीचा गाडा एखाद्या वरातीच्या थाटात चालला होता. अंधारात कानाशी काकांचा आवाज : "पुढे. पुढे. एक हात उजवीकडे. सावकाश." चिमणी सोफ्यावर बसल्या बसल्या उसळ्या घेत होती. दरवाजा वीस पावलांवर आला.

तेवढ्यात कुणीतरी आपल्या कुत्र्यावर ओरडलं, "थांब!"

कुत्रा थांबला नाही. चिमणी थांबली. मागून तीन गाडे येऊन तिच्यावर आदळले आणि सगळे मिळून खंदकात गेले.

"थांबलात का?" काकांनी विचारलं.

"कुणीतरी थांब म्हणालं."

"बरोबर आहे," काका म्हणाले. नियम म्हणजे नियम.

शनिवारपर्यंत ही बातमी चाचणीभर पसरली. 'चिमणी६२' या नावाचा गाडा थांब म्हटलं की थांबतो, हे नव्या भागाचं जाहीर न केलेलं वैशिष्ट्य आहे, अशी बऱ्याच जणांची समजूत झाली. एका जोडीने तर याचा छंदच लावून घेतला. मावशी गाडा चालवायची आणि भाची बाहेरून सांगायची. पण टोमणे मारायचं खातं मावशीने स्वतःकडे ठेवलं होतं.

"अगं चिमणे, थांब! इतकी घाई कसली? पाणी पिऊन जा."

चिमणी थांबायची.

"मावशी, खरंच थांबते गं ती!"

"किती गुणी आहे बघ. नाहीतर तू!"

सात डाव झाले, सातही गेले. आईच्या सल्ल्याने आठव्यात चिमणीने कानात कापसाचे बोळे घातले. मग काकाही ऐकू येईनात आणि ती कुणाच्याही मदतीशिवाय खंदकात गेली.

रविवारी सकाळी तिने सरावच मांडला. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत पाण्याने काठोकाठ भरलेला ट्रे न्यायचा; आईने वाटेत थांब म्हणायचं; थांबायचं नाही. पहिल्या वीस फेऱ्यांत ती वीस वेळा थांबली आणि लादी धुऊन निघाली. एकविसाव्या फेरीत पाय अडखळला, पण चालत राहिला. तिसाव्या फेरीला आई घसा खरवडून ओरडली आणि चिमणी झुळझुळत पुढे निघून गेली.

"जमलं!" तिने काकांना फोन केला. "काका, आता कुणीही म्हणू दे, मी थांबत नाही!"

काका म्हणाले, "बाई, ते शिकू नका."

"पण मग आपण हरणार."

"हरू. उद्या सकाळी तुम्हाला वर जायचंय. खाली माणसं असतात."

चिमणीला तो सुतार आठवला, मांडीवर हेल्मेट घेऊन बसलेला. ती फोन ठेवून आईपुढे येऊन उभी राहिली. "आई, पुन्हा थांब म्हण. या वेळी मी थांबायचंय."

"मी माणूस आहे की पोपट?" आई म्हणाली, पण म्हणाली. चौथ्या हाकेला चिमणीचे पाय जागच्या जागी रुतले. खात्रीसाठी आईने आणखी दहा वेळा म्हटलं. शेवटचे पाच स्वतःच्या आनंदासाठी.

दुपारभर त्या दोघांनी इमानेइतबारे मार खाल्ला. साडेसहाला शेवटचा डाव सुरू झाला. किल्ल्यासमोरच्या अरुंद पुलावर सहाही गाडे एकमेकांना खेटून आले. चिमणीचा पाचवा होता, कारण मावशीने तिला वाटेत चार वेळा पाणी पाजलं होतं. आता सगळे तीस पावलांच्या आत होते.

काका नेहमी हळू बोलतात. साइटवर ज्याला ओरडावं लागतं तो इशारेवाला कच्चा, असं त्यांचं मत. त्यांनी घसा साफ केलेला चिमणीला ऐकू आला. आणि मग ते म्हणाले,

"थांब!"

तो नुसता मोठा आवाज नव्हता. त्यात एकोणीस वर्षांच्या तुळया होत्या. सहाच्या सहा गाडे जागच्या जागी थांबले. बिस्किट खाणाऱ्याचं बिस्किट थांबलं. शुक्रवारी न थांबलेला कुत्रा थांबला. सोफ्यावर आईची पेन्सिल आठ आडव्यावर थांबली. चिमणी तर थांबलीच. ती सगळ्यांत आधी थांबली.

मग गलका उसळला.

"कोण म्हणालं थांब?"

"तूच म्हणालास!"

"मी कशाला म्हणू? तू थांबलास कशाला?"

"मावशी, चल ना!"

"तू चल म्हटल्याशिवाय कशी चलू? दिसतंय का मला काही?"

"मग म्हणतेय ना, चल!"

"हे तू म्हणतेयस की आणखी कुणी?"

थांब कुणाचाही चालतो. पुढे कुणाचं ऐकायचं, हे मात्र आधी ठरलेलं असावं लागतं. पाच जोड्यांचं ठरलेलं नव्हतं. सहावीच्या कानात नेहमीचा हळू आवाज आला : "बाई. सावकाश पुढे. एक हात डावीकडे. पुढे. पुढे. पुढे." भांडणाऱ्या पाच गाड्यांच्या बाजूने, पुलाच्या कठड्याला न घासता, चिमणी निघून गेली. भाचीला थांब म्हणायचं सुचलं तेव्हा चिमणी एकतिसाव्या पावलावर होती.

"टेकवा," काका म्हणाले.

चिमणीने धडकगाड्याचा ओंडका दरवाजाला टेकवला. इतका अलगद, की दरवाजाला कळलंही नसावं. काही झालं नाही.

"काका, टेकवला."

"हो. टेकलाय." काका घुटमळले. मागून मावशीचा गाडा खडखडत येऊ लागला होता. "बाई, हे फोडायचंय."

"फोडायचं म्हणजे?"

एकोणीस वर्षांत त्यांनी एक काचही फुटू दिली नव्हती. नऊ शब्दांत याला शब्द नव्हता. काकांनी दीर्घ श्वास घेतला आणि दहावा शब्द उच्चारला.

"आपटा."

"काय?"

"आपटा, बाई! मागे घ्या आणि आपटा! चांगलं दणकून आपटा!"

चिमणीने आपटलं. एकोणीस वर्षं अलगद ठेवलेलं सगळं एकदम आपटलं. दरवाजा, चौकट, शेजारचा अर्धा बुरूज आणि आईच्या हातातलं शब्दकोडं खाली आलं. पडद्यावर सोन्याची अक्षरं नाचली. चिमणी सोफ्यावर उभी राहून नाचली. आईने "खालचे येतील" म्हणत म्हणत स्वतःही दोन गिरक्या घेतल्या. तीस पावलांवरून मावशीचा आवाज आला, "गुणी ती गुणीच गं!"

मग सगळे गेले. पडदा शांत झाला. साइटवर काम संपलं, की काका वॉकीटॉकी बंद करत आणि ती शिडी उतरू लागे. तिचा अंगठा सवयीने बटणावर गेला. डाव संपल्यावरही जोडीतला आवाज चालू राहतो, हे बातमीतलं शेवटचं वैशिष्ट्य तिला आठवलं. पलीकडे काका श्वास घेत होते. तेही बंद करत नव्हते.

"काका," चिमणीने विचारलं, "ती फुलझाडं कुठली लावणार होतात?"

काकांनी शेवंतीपासून सुरुवात केली.

यंत्र सातला परत द्यायचं होतं. जावई ते न्यायला आला आणि सव्वाआठपर्यंत दारात उभा होता.