समोरची बाजू

कोरियाच्या डोंगरातल्या आमच्या सोत्कोल या ख्रिस्ती गावात कुणी गेलं, की प्रार्थना गायला दोन बाजू बसतात. मधे शवपेटी, भिंतीकडे वरच्या आळीची माणसं, दाराकडे खालच्या आळीची. एक ओळ इकडून, पुढची तिकडून. वरच्या आळीचा सूर माझी आजी अगाथा चव्वेचाळीस वर्षं धरत आली. आवाज गंजक्या कडीचा, पण ओळ विळीवर कापल्यासारखी. समोर तिची जाऊ लुसिया, माझी धाकटी आजी. ती शेवटचं अक्षर इतकं लांबवायची, की इकडचे तोंड उघडं ठेवून ताटकळायचे.

"विनंती कऽऽऽऽर..." मी तिची नक्कल केली की सगळी वरची आळी पोट धरून हसायची. आजी सगळ्यांत जास्त. "अजून शेपूट लाव गं. तिचं हातभर लांब असतं."

आजोबा गेले तेव्हा आजी भर प्रार्थनेत ओरडली, "लुसिया, आटप! मेलेलासुद्धा तुझी वाट बघत बसलाय!"

माणसं हसली. धाकटी आजी नाही. ती शेवटच्या ओळीपर्यंत गायली, मयतीच्या जेवणातल्या रश्शाला तोंड न लावता उठली, आणि त्या दिवसापासून सात वर्षं दोघी बोलल्या नाहीत. हिवाळ्यासाठी कोबी खारवून किमची घालायच्या एकाच अंगणात, पाठीला पाठ लावून. निरोप्या मी.

"तुझ्या आजीला सांग, मीठ जास्त झालंय."

"तिला सांग, मिठाचं नको बघू, आपल्या जिभेचं बघ."

मी निरोप जिचा तिच्या आवाजात पोचवायचे. पण कुठे मयत झाली की दोघी समोरासमोर, ओळीला ओळ. खालची आळी तोवर रिकामी होत चालली होती. काही शहरात गेले, काही टेकडीवरच्या कबरींत. तीन वर्षं झाली, दाराकडे धाकटी आजी एकटीच बसायची.

या मार्चमध्ये तिने अंथरूण धरलं. मी पेज घेऊन गेले तर म्हणाली, "जाऊबाईंना सांग, मला दोन्ही बाजूंनी पाठवा. एका बाजूने नको."

मी ते तिच्याच आवाजात आजीला सांगितलं. आजी हसली नाही. हातातला कोबी खाली ठेवून म्हणाली, "तिला सांग, आधी बरी हो. तुला कधीपासून घाई सुटली?"

मी पळत गेले. तिच्या कानाशी बोलले. तिला ऐकू आलं की नाही, ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली.

भिंतीकडे आम्ही सहा जण बसलो. दाराकडे एक बसकर, तिचं. तिचा मुलगा सॉकजूकाका शहरातून आला होता, त्याला चाल येत नव्हती.

"मोठी आई, फोनवर लावू का? त्यात दोन्ही बाजू आहेत."

"फोन नंतर रस्सा प्यायला बसणार आहे का? ठेव खिशात."

"मग सगळे मिळून एकदमच म्हणा ना."

"सगळे एका भिंतीला टेकले तर उत्तर कोण देणार? तुझा बाप?"

आजी उठली. गुडघे कटकट वाजले. शवपेटीला वळसा घालून ती दाराकडच्या बसकरावर बसली.

"अगाथा, अगं, आमचा सूर कोण धरणार?" कुणीतरी घाबरून विचारलं.

"इतकी वर्षं ऐकताय ना? म्हणा."

आमची पहिली ओळ विस्कटली. दुसरी ओळ आजीने एकटीने घेतली आणि शेवटचं अक्षर सोडलंच नाही. धाकट्या आजीचा दम जिथे तुटायचा तिथे तोडलं, श्वास घेतला, पुन्हा ओढलं. मी चूक शोधत होते. सापडली नाही. आम्ही उरलेले पाच जण तोंडं उघडी ठेवून थांबलो. कुणी हसलं नाही.

नंतर रस्सा वाढला. आजी तिथून हलली नाही. मी वाटी नेऊन दिली.

"मी गेले की इथे कोण बसणार गं?" तिने हळूच विचारलं.

मला दोघींचे आवाज काढता येतात. पण एका वेळी एकच.