उलटा पेला

लातूरला क्लाससाठी राहत असताना घरमालक काका माझ्यावर पाळत ठेवतात, अशी माझी खात्री होती. भूकंप झाल्यापासून काका प्रत्येक खोलीत एका पेल्यावर दुसरा पेला उलटा ठेवत; जमीन हलली की पडून आवाज व्हावा म्हणून. माझ्या टेबलावरचा पेला सारखा पडे आणि काका लगेच दारात उभे. मी हातातला व्हिडिओ गेम पुस्तकाखाली सरकवत असे.

एकदा त्यांनी पुस्तक उचललंच.

"वडलांना सांगू नका, काका."

पडलेला पेला परत उलटा रचून ते टेबलाशी बसले. गेम टेबलावर टेकवून त्यांनी स्केटबोर्डवरच्या पोराला उडी मारायला लावली. पोरगं आपटलं, गेम थरथरला, पेला खणकन पडला.

"हे हाय व्हय!" त्यांनी घाम पुसला आणि गेम मला परत दिला. "चांगला चालतोय. पण अंगणात खेळत जा, बाबा. लई दिवस नीट झोपलो न्हाई."