समोरून कोणीच न पाहिलेला भालेवाला

मोल्डिंग मशीनखाली प्लॅस्टिकचे काप साठतात, तसे आमच्याकडे किस्से साठले. झाडून काढावेत, तर संध्याकाळी पुन्हा तेवढेच! बारा खेळण्यांची मालिका ठरली होती. पहिलं निघेपर्यंतचेच हे किस्से.

नव्वदनंतरची गोष्ट. इंजिनिअरिंग संपवून मी आणि माझा मित्र प्रकाश, आम्ही जळगावच्या एमआयडीसीत शेड घेतली. शेजारी सगळे पाईपचे जोड बनवत. आम्हाला भालेवाला बनवायचा होता. कॉलेज बुडवून खेळलेल्या व्हिडिओ गेममधला तो शिपाई. हातात भाला, पुढे किल्ल्याच्या पायऱ्या, वर वटवाघळं. गेम जुना झाला होता, पोरं नव्या मशीनकडे वळली होती. पडद्यावरून जाण्याआधी तो हातात यायला हवा होता, त्याच्या चौकोनी अंगासकट.

*

माप घ्यायला पिंप्राळ्याच्या गेम पार्लरमध्ये प्रकाशने ग्राफ पेपर थेट पडद्यावर धरला. चौकोन मोजायचे म्हणून मी शिपायाला जागेवर उभा ठेवायचो. उभा राहिला की वटवाघूळ येऊन त्याला मारायचं. नऊ वेळा मेलो, तेव्हा कुठे गुडघ्यापर्यंत पोचलो.

मागे नंबर लावून उभा असलेला एक जण म्हणाला, "भाऊ, तुम्ही खेळता का नुसते मरायला येता?"

*

साचा कोरणारे नाना धुळ्याकडचे. उभा जन्म कानसीने कोपरे घासण्यात गेलेला. त्यांनी लाकडाचा नमुना आणला तो साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. मी चिडलो. म्हटलं, नाना, हा चौकोनांचाच बनलाय, त्याचे कोपरे हवेत.

नाना शांतपणे म्हणाले, "देवानं माणसाचे कोपरे घासले, तुम्ही परत बसवा म्हणता."

पण बसवले त्यांनी.

*

नमुना घेऊन आम्ही धुळ्याच्या एका खेळण्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, हा करतो काय? पायऱ्या चढतो. वर काय आहे? ते माहीत नव्हतं, कारण आमच्यातलं कोणी तिथवर पोचलंच नव्हतं.

"मग मी विकू काय, पायऱ्या?"

परतीच्या एसटीत प्रकाश खिडकीबाहेर बघत होता. कपाशीवर ऊन उतरलं होतं, ढगांचे थर एकावर एक चढले होते. पारोळ्याला त्याने वही काढली आणि मालिकेत तेरावं खेळणं वाढवलं. एक सुटी पायरी.

*

मग खरी अडचण आली. नानांनी विचारलं, याचं तोंड कसं आहे? गेममध्ये तो कायम बाजूनेच दिसायचा. समोर वळायचाच नाही.

साच्यासाठी पोलादाचा ठोकळा एकच होता, आणि कोरलेलं परत भरता येत नाही. नाना म्हणाले, भालेवाल्याला मिशी पाहिजेच. प्रकाश म्हणाला, तोंड कोरं ठेवू. मी म्हटलं, खोटं काही कोरायचं नाही आणि कोरंही सोडायचं नाही. तीन दिवस भांडलो. चौथ्या दिवशी प्रकाश आलाच नाही.

*

त्याच आठवड्यात पिंप्राळ्यातल्या पार्लरमधून ते गेमचं मशीन निघणार होतं. शेवटचं बघायला गेलो, तर प्रकाश आधीच तिथे उभा. त्याने फक्त बाजूला सरकून जागा दिली.

पार्लरवाल्याची आई, अक्का, मशीनच्या मागच्या बाजूला तांदूळ निवडत बसायच्या. इतक्या वर्षांत त्यांनी पडदा पाहिलाच नव्हता. त्यांना दिसायचे ते जेवणखाण विसरलेले खेळणारे, समोरून.

मी त्यांना लाकडी नमुना दाखवला.

"तोंड ऱ्हायनं का याचं?"

म्हटलं, अक्का, ते कोणी पाहिलेलंच नाही.

"मी तर रोज देखस," त्या म्हणाल्या. भुवया वर चढलेल्या, ओठ अर्धवट उघडे, जीभ डाव्या कोपऱ्यात आणि पापणी हलत नाही. प्रकाशने वही काढली.

नानांनी तेच कोरलं. मिशीचा विषय काढला नाही.

पहिला नग साच्यातून कोमट निघाला, तसाच घेऊन आम्ही दोघे पिंप्राळ्याला गेलो. अक्कांनी तो पदराने पुसला, हातभर अंतरावर धरला आणि खूप वेळ बघत राहिल्या.

मग त्यांनी भालेवाल्यालाच विचारलं, "काय रे भो, जेवना का?"