शेपू डावीकडून आला

"कपाळाला आठ्या घाला," डॉक्टर म्हणाले.

मी घातल्या.

"दोन्हीकडे घाला."

मला वाटत होतं दोन्हीकडेच घातल्यात. डॉक्टरांनी छोटा आरसा समोर धरला. उजव्या भुवईवर आठ्या होत्या. डावीकडचं कपाळ इस्त्री मारल्यासारखं सपाट. शेजारी आई बसली होती. ती खुर्चीच्या कडेला सरकली आणि म्हणाली, "डॉक्टर, हे खरंच हाय ना? नाय म्हणजे, हा करतो असं."

डॉक्टरांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "असं कोणाला करता येत नाही," ते म्हणाले. "बेल्स पाल्सी आहे."

बेल्स पाल्सी म्हणजे काय ते मला समजलं ते असं. कानामागून एक नस चेहऱ्यावर येते, तिला फेशियल नर्व्ह म्हणतात. ती हाडातल्या बारीक बोगद्यातून येते. सुजली की बोगद्यातच आवळते आणि त्या बाजूचा चेहरा बंद पडतो. मेंदूतल्या लकव्यात दोन्हीकडे आठ्या पडतात, यात एकाच बाजूला. म्हणून डॉक्टर आधी आठ्या मागतात.

"कधीपासून आहे?"

"आज तिसरा दिवस."

"मग दोन दिवस काय करत होतात?"

"लोक हसत होते," मी म्हणालो. मला लाज वाटायला पायजे होती. काय वाटलं नाय.

मी अष्टमी गावात राहतो. पूल ओलांडला की रोहा. कंपनीत शिफ्टला जातो, पण गावात मला ओळखतात ते नकला करतो म्हणून. अनंत चतुर्दशीनंतर आमच्याकडे साखरचौथीचा गणपती बसतो, त्याला मंडळाच्या स्टेजवर माझा अर्धा तास ठरलेला. एसटीचा कंडक्टर, आमचा सुपरवायझर, शाळेतल्या बाई, सगळे येतात त्यात. सगळ्यात चालणारा आयटम युसूफचाचांचा.

चाचा आमच्या मागच्या गल्लीत राहतात. बरीच वर्षं गल्फमध्ये एका हॉटेलच्या किचनमध्ये होते. तिथेच त्यांचं तोंड वाकडं झालं आणि तसंच राहिलं. मी तोंड एका बाजूला ओढून "बेटा, सॅलडला हात नको लावू" म्हटलं की मागच्या रांगेपर्यंत हशा. चाचा स्वतः कधी कार्यक्रमाला येत नसत. मी त्यावर कधी विचार केला नव्हता.

शनिवारी डाव्या कानामागे दुखत होतं. वाटलं, हेल्मेट लागलं असेल. रविवारी सकाळी दात घासून चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून बनियनवर आलं. चहाही तिथूनच बाहेर. आईला दाखवायला गेलो. तिनं मान वर केली आणि परत पोळी लाटायला लागली. "सकाळी सकाळी चाचांची नक्कल नको. बिचारा भला माणूस हाय."

कंपनीत तर टाळ्या पडल्या. माझ्या मशीनवरचा नितीन म्हणाला, "आज एकदम ओरिजिनल हाय रे." त्यानं मोबाईल काढला. आता इथे माझी चूक ऐका. मी त्याला सांगायला पायजे होतं की मी करत नाय. पण सगळे हसत होते. समोर माणसं हसायला लागली की मला थांबता येत नाय, ती सवयच हाय. मी वाकून नमस्कार केला आणि "बेटा, सॅलडला हात नको लावू" म्हटलं. 'बेटा'मधला ब फुसकन गेला. अजून हशा. व्हिडिओ ग्रुपवर गेला.

सोमवारी पण तसंच. फक्त सोमवारी मी स्वतः हसत नव्हतो. ते कोणाच्या लक्षात आलं नाय, कारण चेहरा हसतच होता, एका बाजूनं.

सोमवारी शिफ्टवरून आलो आणि दुपारी झोपलो. आई कपडे घडी करायला खोलीत आली. मी घोरत होतो आणि माझा डावा डोळा अर्धा उघडा होता, आत पांढरं दिसत होतं. मला जाग आली तेव्हा ती माझ्या उशाशी बसली होती, हातात माझीच पॅन्ट.

"झोपेत कोण नक्कल करतं," एवढंच म्हणाली.

नसांचे डॉक्टर पेणला मंगळवारी येतात असं मेडिकलवाल्यानं सांगितलं. सकाळची एसटी धरली. डोळा मिटत नव्हता, त्यामुळे वडखळपर्यंतची सगळी धूळ त्यात. आई पदराने पुसत होती. वेटिंग रूममध्ये समोर एक लहान मुलगी माझ्याकडे बघून हसली आणि तिनंही तोंड वाकडं केलं. एरवी मी तिला पुढचे तीन चेहरे करून दाखवले असते.

डॉक्टरांनी शुगर आणि बीपी बघितलं. मग प्रेडनिसोलोन लिहून दिली. ही स्टेरॉईडची गोळी, नसेची सूज उतरवते. डोळ्यात दिवसभर थेंब, झोपताना जेल आणि पापणीवर चिकटपट्टी, नायतर बुबुळ सुकून जखम होते. गोळ्या असेपर्यंत मीठ कमी, तळलेलं बंद.

"गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. तुम्ही काठावर आलात," ते म्हणाले.

आईनं विचारलं, "तोंड सरळ होईल ना?"

"बहुतेकांचं होतं. यांचं किती होईल ते आज नाही सांगता येणार."

परत येताना आई खिडकीबाहेर बघत होती. मीपण. मला भीती वाटली का असं विचाराल तर नाय. रडूही आलं नाय. डावा डोळा गळत होता, पण तो तसाही गळायचा.

पुढच्या दिवसांचं सांगण्यासारखं काय नाय. सुट्टी टाकली. आरशासमोर फिजिओचे व्यायाम: भुवई उचल, गाल फुगव, शीळ घाल. शीळेतून हवा बाहेर. घास डाव्या गालात जाऊन बसायचा आणि मला पत्ताही नसायचा. जिभेच्या डाव्या बाजूची चव गेली होती. आई बिनमिठाची पेज करायची, ती खाणं म्हणजे ओला कागद चावणं. मी जेवण सोडत चाललो होतो. आई भरलेलं ताट तसंच उचलून न्यायची.

आठवड्यानं ती मला न विचारता युसूफचाचांकडे जाऊन आली. संध्याकाळी चाचा स्टीलचा डबा घेऊन दारात. मी उठून आत जाणार होतो. जायला दुसरी खोलीच नाय.

ते समोर बसले. माझं तोंड नीट बघितलं, गवंडी भिंत बघतो तसं.

"दोन वर्षं तू माझं तोंड डावीकडे ओढतोस," ते म्हणाले. "माझं ओढलंय उजवीकडे. आता तुझं बरोबर आलंय."

"चाचा, तुम्ही कुठे बघितलं?"

"सगळ्यांनी पाठवलं. गल्फमधून पण आलं."

मी डब्याचं झाकण बघत बसलो. बोललो असतो तरी म आणि प आले नसते.

तोंड वाकडं झालं तेव्हा चाचांना गल्फमध्ये सहा दिवस सुट्टी मिळाली नव्हती. थंड किचनमध्ये, म्हणजे चूल नसलेल्या विभागात, सॅलडवर होते, मोठ्या पार्ट्यांचा सीझन होता. सातव्या दिवशी डॉक्टरकडे गेले. "मी सहा, तू दोन," ते म्हणाले. "तुझं येईल." डॉक्टर जे सांगत नव्हते ते चाचांनी सांगून टाकलं. खरं असेल नसेल, पण त्या दिवशी मी जेवलो.

डब्यात बटाट्याचं सॅलड होतं. हॉटेलात ते मायोनीजमध्ये बुडवून ठेवायचे, म्हणजे अंडं आणि भरपूर तेल. चाचांनी माझ्यासाठी ते हलकं केलं होतं. कसं, ते लिहून ठेवतो, कारण असं झालेल्या कोणाला तरी लागेल.

बटाटे सालासकट उकडायचे, पण गाळ होऊ द्यायचा नाय. सोलून करंगळीच्या नखाएवढे तुकडे करायचे. गरम असतानाच लिंबू पिळायचं. "गार बटाटा काय पीत नाय," चाचा म्हणतात. दही फडक्यात बांधून पाणी काढायचं. त्यात कोथिंबीर, पातीचा कांदा आणि शेपू, सगळं सुरीनं बारीक. मिक्सर लावला की चटणी होते. चिमूटभर मोहरीची पूड, मिरी, एक चमचा तेल. मीठ जवळपास नाय, लिंबू आणि पाला ते काम करतात. मग बटाटे त्यात हलक्या हातानं घोळवायचे.

मला शेपू आवडत नाय, लहानपणापासून. चाचांना सांगितलं.

"तोंडाचे आता दोन भाग हायत," ते म्हणाले. "उजवीकडे हॉटेल, डावीकडे गोडाऊन. गोडाऊनला काय आवडनिवड नसते. घास उजवीकडे ठेव. डावीकडे गेला तर बाहेरून बोटानं ढकल, असा." त्यांनी स्वतःच्या गालावर बोट दाबून दाखवलं. ही हालचाल मी स्टेजवर शंभर वेळा केली होती. ती कशासाठी असते ते मला तेव्हा कळलं.

मी खाल्लं. उजवीकडून शेपू आला. डावीकडे काय नाय.

मग रोज तेच. आधी चाचांनी केलं, मग आईनं, मग मी स्वतः. दुसरं काही खावंसं वाटत नव्हतं म्हणून नाय, ती माझी तपासणीच झाली. आज कुठपर्यंत आला शेपू? तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी घास डावीकडे गेला, मी बोट लावायच्या आत डावीकडून कडवट, उग्र असं काहीतरी आलं. शेपूच. जगात एवढ्या चवी, पहिली ती आली. मी आईला हाक मारली. ती आली आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "करतोयस का होतंय?"

"होतंय."

हे ती आता कायम विचारते. मी नुसती जांभई दिली तरी.

दोन महिन्यांनी पेणच्या डॉक्टरांनी परत आठ्या मागितल्या. दोन्हीकडे पडल्या. "नव्वद टक्के," ते म्हणाले. "उरलेलं तुमचं तुम्हालाच दिसेल." आरशात दिसतं. हसलो की डावीकडचं हसू अर्धी पायरी मागे असतं.

साखरचौथ जवळ आली तेव्हा मी चाचांकडे गेलो. सांगितलं, तुमचा आयटम काढून टाकलाय. चाचा कोथिंबीर निवडत होते.

"का? आवाज येतो ना माझा?"

"येतो."

"मग कर की. पण सरळ तोंडानं कर."

मला कळलं नाय.

"गल्फला जायच्या आधीचे फोटो हायत, पण बोलतानाचा व्हिडिओ एक नाय," ते म्हणाले. "मी बोलताना सरळ कसा दिसायचो, मलाच आठवत नाय आता. बघू दे."

मी त्यांच्या समोर बसलो. दोन्ही ओठ जुळवले, ब नीट आला. "बेटा, सॅलडला हात नको लावू."

कोणी हसलं नाय. चाचांच्या हातातली काडी तशीच राहिली. ते बघत होते. मग म्हणाले, "अजून बोल."

तुमच्यापैकी कोणाचं तोंड एका सकाळी असं झालं, तर लोक हसोत नायतर रडोत, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. माझे दोन दिवस गेले, चाचांचे सहा. तेवढाच फरक हाय आमच्या दोघांत.

त्या दिवशी चाचांसमोर मी बोलत राहिलो. बराच वेळ.